लाटसाहेब बाहेर निघाले

खडकीतल्या भुतांची यादी कुणीही रिक्षावाला हॅरिस पूल यायच्या आत सांगून संपवतो. होळकर पुलावर मध्यरात्रीनंतर गाडीसमोर येणारी बाई, रेंजहिल्सच्या झाडांत दिसणारं कुणीतरी, दारूगोळा कारखान्याच्या बाजूचा गोरा सोजीर. सोजिराला मुंडकं असतं की नसतं, हे सांगणारा कुठल्या पाळीला होता त्यावर अवलंबून.

ही सगळी मंडळी मला थोडी उसनी वाटतात. पांढऱ्या साडीतली बाई महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटात उभी असते आणि मुंडकं नसलेला सोजीर प्रत्येक छावणीत फिरतो. खडकीच्या परिसराचं म्हणावं, दुसरीकडे कुठे सापडू नये, असं एकच प्रकरण मला माहीत आहे. त्यात भूत नाही. मांजर आहे.

प्रकरण असं. पुण्याजवळच्या गव्हर्नरच्या बंगल्यावर देशी शिपायांचा पहारा असे. दिवस मावळल्यानंतर पुढच्या दारातून कुठलंही मांजर बाहेर पडलं, की दारावरच्या शिपायानं त्याला बंदूक सरळ धरून सलामी द्यायची. मांजर पांढरं की काळं, पाळलेलं की भटकं, हे पाहायचं नाही. ते मांजर म्हणजे खुद्द गव्हर्नरसाहेब. हा हुकूम कागदावर कुठे नव्हता. पहारा बदलताना उतरणारा शिपाई चढणाऱ्याला बाकीच्या सूचनांबरोबर तोंडी सांगायचा. आणि हे पंचवीस वर्षं चाललं.

ही हकिकत लिहून ठेवली जनरल सर थॉमस एडवर्ड गॉर्डन यांनी. 'अ व्हेरिड लाइफ' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात ती आहे. पुस्तक लंडनला 1906 साली निघालं. तिथून ती मांजरांवरच्या आणि भुतांवरच्या इंग्रजी पुस्तकांतून इतकी फिरली, की आज कुणी पुण्याच्या 'गव्हर्न्मेंट हाउस'चं भूत म्हटलं की गणेशखिंडीचा तो उंच मनोऱ्याचा राजवाडा डोळ्यांसमोर आणतं. म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. राजवाडा झोकदार, भुताला शोभेलसा. पण पत्ता चुकलाय.

चूक दाखवायला फार विद्वत्ता लागत नाही, बोटांवर मोजलं तरी पुरे. ज्या गव्हर्नरचं मांजर झालं ते सर रॉबर्ट ग्रँट. ते वारले 9 जुलै 1838 रोजी. त्यात गॉर्डनची पंचवीस वर्षं मिळवा. 1863 येतं. गणेशखिंडीच्या राजवाड्याचं काम बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत सुरू झालं 1864 मध्ये, आणि संपलं 1871 मध्ये. तेव्हा या मांजराची सगळी कारकीर्द गणेशखिंडीचा पाया खणायच्या आधीच उरकते. ते राहत होतं मुळेच्या पलीकडे, दापोडीला. इंग्रजी चरित्रकोशात ग्रँट यांच्या मृत्यूचं ठिकाण 'दलपूरी' असं छापलंय. त्या नावाचं गाव नकाशात शोधणाऱ्यानं पुण्याहून लोकल धरावी आणि खडकीच्या पुढच्या स्टेशनवर उतरावं.

आता या घराची गोष्ट, कारण कुळ तिथलं आहे.

पवना मुळेला मिळते त्या बाजूला, नदीकाठी हा बंगला बांधला कॅप्टन फोर्ड यांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रजी कवायतीची एक पलटण होती, तिचे ते सेनापती. पलटणीची छावणी दापोडीला, म्हणून साहेबाचं घरही तिथं. फोर्ड आणि पेशव्यांचे कारभारी मोर दीक्षित यांची मैत्री होती. 1817 च्या शरदात पेशवे आणि कंपनी यांचं बिनसणार हे दिसू लागलं, तेव्हा या दोघांनी आपसांत ठरवलं की जो जिंकेल त्यानं दुसऱ्याच्या बायकामुलांना सांभाळायचं. हे ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. (हा ग्रँट वेगळा, त्याला मांजर लागू नाही.) 5 नोव्हेंबरला लढाई जुंपली. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून नदीपार खडकीच्या फौजेत जाऊन मिळाला. मागे त्याचा बंगला पुस्तकांसकट जळाला. दापोडीची पलटण कर्नल बर यांच्या फौजेला मिळायला येत होती. मोर दीक्षित तिच्यावर चालून गेले आणि तिच्याच तोफेच्या माऱ्यात पडले.

जरा थांबा इथं. आपल्याकडे भूत कुणाचं होतं याचे नियम ठरलेले आहेत. वासना राहिलेला, अवेळी गेलेला, ज्याचं क्रियाकर्म नीट झालं नाही असा माणूस मागं रेंगाळतो. मुंज होऊन लग्नाआधी गेला तर मुंजा होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते, धनात जीव अडकलेला नाग होऊन हंड्यावर बसतो. शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी मारल्या गेलेल्या नारायणरावांना पुणेकरांनी आजतागायत काकांच्या नावानं ओरडत ठेवलंय, तेही याच नियमानं. या हिशेबानं दापोडीच्या बंगल्याभोवती फिरायचा पहिला हक्क मोर दीक्षितांचा. मित्राच्या तोफेनं मेलेला मंत्री, एक दिलेला शब्द, एक घेतलेला शब्द: भूत व्हायला आणखी काय लागतं? पण त्यांच्या नावची कुजबुज तिथल्या पहाऱ्यानं जपली नाही. जपली ती एका इंग्रज गव्हर्नरची, जो पावसाळ्यात शांतपणे वारला. याचं कारण मला भुतांच्या शास्त्रापेक्षा पहाऱ्याच्या शास्त्रात दिसतं. दीक्षितांना ओळखणारा त्या दारावर कुणी उभा नव्हता. ग्रँटसाहेबांना संध्याकाळी दारातून बाहेर पडताना शिपाई रोज बघत होता.

बंगला सरकारकडे आला 1828 मध्ये. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो विकत घेतला आणि बाजूला सरकारी वनस्पती-बागही सुरू केली. तेव्हापासून मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्याचे महिने इथं काढू लागले. वर्षाचे उरलेले महिने साहेब मुंबईला किंवा महाबळेश्वरला. घरात माळी, खानसामा, मशालजी, भिस्ती आणि दारावर पहारा. म्हटलं तर राजभवन, म्हटलं तर ऐन पावसाळ्यापुरती भरणारी सराई. सराईत मालक येऊन-जाऊन असतो आणि नोकर कायमचे असतात. घराच्या गोष्टी नोकरांच्या ताब्यात असतात. डाकबंगल्यांच्या भूतकथा खानसाम्याच्याच तोंडून का येतात, याचंही उत्तर यातच आहे.

रॉबर्ट ग्रँट 1835 मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. जन्म बंगालमधला. शिक्षण केंब्रिजला, मग वकिली, मग पार्लमेंट. इंग्लंडमधल्या ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून त्यांनी पार्लमेंटात विधेयकं मांडली. मुंबईकरांच्या तोंडी त्यांचं नाव आजही रोज येतं, ग्रँट रोड स्टेशनमुळे. 1845 मध्ये सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेजही त्यांच्याच नावाचं. पण इंग्रजी ख्रिस्ती जगात त्यांची ओळख वेगळी आहे. ते स्तोत्रकार होते. एकशेचाराव्या स्तोत्रावर त्यांनी रचलेलं भजन 1833 मध्ये छापलं गेलं आणि आजही चर्चमध्ये म्हटलं जातं.

आणि त्यांचे वडील चार्ल्स ग्रँट! हे कंपनीच्या संचालक मंडळातले वजनदार गृहस्थ. हिंदू समाजाच्या भोळ्या समजुती आणि नीतिमत्ता यांवर 1792 मध्ये त्यांनी एक लांबलचक निबंध लिहिला. इलाज म्हणून इंग्रजी शिक्षण आणि ख्रिस्ती धर्म सुचवला. 1813 च्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानचं दार उघडलं, त्यामागे जी माणसं होती त्यांत ते एक. ज्या समजुती घालवायला बापानं जन्म वेचला, त्या समजुतींनी मुलाला अलगद पोटात घेतलं. त्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही, झाडाला टांगलं नाही. मांजर केलं. माझ्या मते हा सूड नव्हता, लळा होता. पण चार्ल्ससाहेबांना तो फरक पटला नसता.

आता ती संध्याकाळ. 9 जुलै, पावसाळ्याचे दिवस. गॉर्डन सांगतात त्याचा मथितार्थ असा, की साहेबांना सूर्यास्तानंतर बागेतल्या एका ठराविक वाटेवर येरझाऱ्या घालायची सवय होती. ज्या दिवशी ते वारले त्याच दिवशी संध्याकाळी एक मांजर पुढच्या दारातून बाहेर आलं आणि त्याच वाटेवर वर-खाली चालू लागलं. पहाऱ्यावरच्या हिंदू शिपायानं हे पाहिलं. त्यानं सोबत्यांना सांगितलं. चर्चा झाली. शेवटी एका भटजींना विचारलं, आणि त्यांनी निवाडा दिला: आत्म्यानं कुडी बदलली, साहेबांचा जीव घरातल्या मांजरात गेला.

निवाडा म्हणून यात खटकण्यासारखं काही नाही. मेलेला माणूस आपल्याकडे दहाव्या दिवशी कावळा होऊन पिंडाला शिवतोच. तो शिवला नाही तर घरचे हात जोडून त्याची राहिलेली इच्छा काय ते हुडकतात. आणि मांजर काही साधं जनावर नव्हे. आडवं गेलं तर कामाला निघालेला माणूस परत फिरतो. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. पाचवीला बाळाच्या कपाळावर सटवाई लेख लिहून जाते, ती षष्ठीच, आणि षष्ठीचं वाहन मांजर. ललाटीचं लिहिणारीला वाहून नेणारं जनावर एखाद्या गव्हर्नरला नेऊ शकतं.

पण खरी गंमत पुढं आहे. बंगल्यावर मांजरं बरीच. त्यातलं साहेबांचं नेमकं कुठलं? भटजींकडे याचं उत्तर नव्हतं. एखाद्या गावात अशा वेळी अंगात आणलं असतं, कौल लावला असता. इथं निर्णय पलटणीनं घेतला, आणि तो पलटणीला शोभेल असाच घेतला: शंका असेल तर सगळ्यांनाच सलामी द्यावी. एखाद्या मांजराला फुकट सलामी गेली तर कुणाचं बिघडत नाही. पण साहेब दारातून गेले आणि शिपाई ढिम्म उभा राहिला, तर तो कसूर. शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांनी हे मान्य केलं. हुकमाची कलमंही कशी रेखीव आहेत बघा. कुठलंही मांजर, पुढच्याच दारातून, बाहेर पडतानाच, अंधार पडल्यावरच. मागच्या दारानं मुदपाकखान्यातून पळणारं मांजर हे मांजरच. दिवसा व्हरांड्यात अंग चाटत बसलेलं हेही मांजरच. परत आत येताना काय करायचं, ते हुकमात नाही. एवढी तपशिलाची कसर तर सरकारी परिपत्रकांतही राहते.

पहाऱ्याचा एक नियम इथं कामाला येतो. बाहेरून कुणी आलं तर शिपाई त्याला हटकतो. त्या हटकण्याची इंग्रजी आरोळी शिपायांच्या तोंडात बसून तिचं 'हुकुमदार' झालं, जणू येणारा हुकूम घेऊनच येतोय. 'लॉर्ड'चा 'लाट' झाला तो असाच. पण आतून बाहेर जाणाऱ्याला हटकायचं नसतं. आतून जाणारा हा घरचा. मांजराला 'हुकुमदार' विचारावं लागलं नाही, म्हणून त्यानं उत्तर दिलं नाही ही अडचणही उद्भवली नाही.

त्या काळच्या मुंबई फौजेत कोकणी, देशावरचे मराठे, महार, उत्तरेचे परदेशी असे एकाच पलटणीत शेजारी शेजारी उभे राहत. या सगळ्यांच्या मरणोत्तर कल्पना एक असतील, असं मी समजत नाही. प्रत्येकानं मांजराकडे बघून मनात वेगळंच काही म्हटलं असेल. कुणी हसलंही असेल. सलामी मात्र एकच. ग्रँटनंतर दापोडीला रिव्हेट-कार्नॅक आले, आर्थर आले, क्लार्क आले, फॉकलंड आले, लॉर्ड एल्फिन्स्टन आले. गव्हर्नरांची बदली झाली, पलटणींची झाली. 1838 च्या त्या संध्याकाळी दारावर असलेला शिपाई कधीच पेन्शनीत निघाला असणार. 1857 च्या जुलैअखेर कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण बंदुका फिरवून उठली, तेव्हाही दापोडीच्या दारावर, गॉर्डन यांच्या हिशेबानं, मांजराला सलामी चालूच होती.

असं काही श्रद्धेच्या जोरावर पंचवीस वर्षं टिकतं, असं मला वाटत नाही. श्रद्धा माणसागणिक कमीजास्त होते. हे टिकलं ते चार्ज देण्याघेण्यामुळे. किल्ल्या इतक्या, कंदील इतके, मागच्या फाटकाची कडी सैल आहे, आणि अंधार पडल्यावर मांजर. नवा शिपाई 'का?' विचारायला उभा नसतो. त्याला उद्या हेच पुढच्याला सांगायचं असतं. गाव आपलं भूत पारावर, शेकोटीपाशी सांगतं. तिथं प्रत्येक सांगणारा मीठमसाला घालतो आणि बाईचे पाय उलटे होत जातात. पहाऱ्यावरचं भूत असं वाढत नाही. ते हुकमाच्या भाषेत असतं, त्यात शब्द वाढवायची सोय नाही. म्हणून या हकिकतीत किंकाळी नाही, साखळ्यांचा आवाज नाही, कुणाचा बळी नाही.

गॉर्डन आणि त्यांच्या मागून लिहिणारे या सगळ्याकडे देशी लोकांचा भाबडेपणा म्हणून बघतात. पण लंडनच्या टॉवरमध्ये रोज रात्री किल्ल्यांचा पहारा निघतो. तिथला शिपाई अंधारात हटकतो, उत्तर येतं 'किल्ल्या'. तो विचारतो कुणाच्या, उत्तर येतं राजाच्या किंवा राणीच्या, आणि पहारा त्या किल्ल्यांना सलामी देतो. शतकानुशतकं हे चालू आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. त्यांच्या किल्ल्यांत राजा असतो, आमच्या मांजरात लाट होता. इकडे आपल्या स्वतंत्र फौजेतही हेच आहे: नाथू ला इथं 1968 मध्ये वारलेले शिपाई हरभजन सिंग नंतरही कित्येक वर्षं हजेरीपटावर राहिले, त्यांना बढती मिळाली, दर वर्षी सुट्टीला कपूरथळ्याकडे जायला गाडीत त्यांच्या नावाची जागा राखली जायची, आणि पुढे ते रीतसर निवृत्त झाले. तिथंही कुणाचा विश्वास किती, हा प्रश्न कुणी कवायतीच्या मैदानावर विचारत नाही.

दापोडीचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. ग्रँट गेले त्याच वर्षी बाग डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. लष्करी दवाखान्यांसाठी सोनामुखीसारख्या औषधी तिथं पिकत. एका गोव्याकडच्या चित्रकारानं बागेतल्या झाडांची सुरेख चित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत, चित्रकाराचं नाव तेवढं कुणी टिपलं नाही. 1860 नंतरच्या दशकात सरकारनं दापोडी सोडली आणि लाटसाहेबांचा पावसाळा गणेशखिंडीला गेला. 22 जून 1897 रोजी चापेकरांनी रँडला गाठलं ते त्या राजवाड्यातल्या मेजवानीहून परतताना. 1949 मध्ये तिथं विद्यापीठ आलं. दापोडीत एसटीची कार्यशाळा आली, आणि खडकीहून तिकडे जाणाऱ्या पुलाला मिळालं आणखी एका गव्हर्नरचं नाव, लॉर्ड हॅरिस यांचं. त्यांची कीर्ती क्रिकेटमुळे.

मांजर मात्र गोष्टीत दापोडीहून निघून गणेशखिंडीला जाऊन बसलं. वाटेत खडकी लागते. गोष्टीला घर बदलावंच लागतं: पहिलं घर लोकांच्या नजरेतून गेलं, नवं दिमाखात उभं राहिलं, आणि वाचणाऱ्याला 'पुण्याजवळचं गव्हर्न्मेंट हाउस' एवढंच ठाऊक. भटजींनी सांगितलं होतं त्याच धर्तीचं हे, कुडी बदलली.

ग्रँटसाहेबांचा देह पुण्यातच आहे, कॅम्पातल्या सेंट मेरी चर्चमध्ये. बिशप हेबर यांनी 1825 मध्ये या चर्चची प्रतिष्ठापना केली होती. दफन ख्रिस्ती रीतीनं, सगळे मान राखून झालं. त्या सलामीचे हुकूम लेखी निघाले असतील, आणि काम उरकल्यावर आपोआप संपलेही असतील. दापोडीच्या दारावरचा हुकूम लेखी नव्हता, त्यामुळे तो रद्द करायचा तर कागद कुठला फाडायचा, हा प्रश्न होता. बंगला सुटला त्या दिवशी शेवटचा शिपाई खाली उतरला असेल, आणि त्याच्या जागी चढणारा कुणी आला नसेल.